ब्रेकबाई आणि क्रँकची पुली

माझ्या मावशीचं खरं नाव तिच्या शिकवणीच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. सगळे तिला ब्रेकबाई म्हणतात. बत्तीस वर्षं तिने लोकांना गाडी चालवायला शिकवलं. तिच्या गाडीत चालकाच्या शेजारच्या सीटपुढेही ब्रेकचं एक जादा पेडल बसवलेलं आहे. शिकणाऱ्याने घोळ घातला की मावशी तिथून ब्रेक लावते आणि तिने ते पेडल दाबलं की चालकाच्या पायाखालचं पेडलही आपोआप खाली जातं. मी तिच्याकडेच शिकले, त्यामुळे ते कसं वाटतं हे मला पक्कं ठाऊक आहे. आपण मोठ्या ऐटीत चाललेलो असतो आणि एकाएकी पायाखालचं पेडल आपल्याला न विचारता खाली बसतं. मग मावशी एक शब्द बोलत नाही. चष्मा काढते, पुसते, पुन्हा घालते. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या.

दयामाया म्हणून तिने आजवर एकालाही परीक्षेला पाठवलेलं नाही. एका दंतवैद्याला तिने अकरा महिने लटकवलं होतं. बिचारा दर आठवड्याला विचारायचा, झालं का माझं, आणि ही सांगायची, "डॉक्टर, तुमचा पाय अजून विचार करतो. ब्रेकला विचार नको असतो." माझ्या आईला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीला, तर तिने कायमचं घरी बसवलं. "तुझ्या हातात गाडी देणं म्हणजे रस्त्यावरच्या लोकांशी वैर," असं तोंडावर म्हणाली. दोघी त्यावरून वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

तिचा नवरा, माझे काका, म्हणजे याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. ते घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलत बसले. आवाज हळू, चाल हळू, दारही असं लावणार की झोपलेल्याची कूस बदलू नये. सगळ्या शहराला गाडी शिकवणाऱ्या बाईचा नवरा गाडी चालवत नाही, ही आमच्या घरची जुनी गंमत. लग्नानंतर मावशीने त्यांना तीन दिवस नेऊन पाहिलं. ब्रेक ते असा दाबायचे, जणू घड्याळाची काच बसवतायत. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपल्याला दुकानात चालत जायला आवडतं. तेव्हापासून ते मागच्या सीटवर बसतात. गाडीत दोघंच असली तरी मागेच. पुढच्या दोन सीटा शाळेच्या आहेत, असं म्हणतात.

सात महिन्यांपूर्वी मावशीला अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर त्याला हलका म्हणाले. ज्याच्या घरी येतो त्याला तो हलका नसतो. बोलणं महिन्याभरात परत आलं, हात तीन महिन्यांत, पण उजवा पाय मागे राहिला. सांगितलेलं ऐकायचा, पण जरा उशिरा. मावशी काठी घेऊन चालायला लागली, शिकवणी बंद झाली, गाडी घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये चादर पांघरून उभी राहिली. काकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि घरी राहिले. घरात ते असे वावरायचे, की बशीवर चमचा आपटला तरी दचकायचे.

त्यातच मावशीच्या परवान्याची मुदत संपली. झटका येऊन गेलेल्या माणसाला परवाना नवा करून हवा असेल, तर डॉक्टरांच्या कागदाबरोबर स्वतःच्या गाडीत बसून परीक्षा द्यावी लागते. तिला शुक्रवारी सकाळी अकराची वेळ मिळाली होती. त्या दिवशी जमलं नाही, तर परवाना गेला आणि त्यासोबत गाडीही गेली, शिकवणीही गेली. तिने मला फोनवर सांगितलं, "घरात बसून राहिलेली मी मला अजिबात आवडत नाही." मी आठवड्याची रजा टाकली आणि तिच्याकडे आले. तिला सरावाला नेता यावं आणि शुक्रवारी गाडी तिथवर चालवत न्यावी, एवढंच माझं काम.

रविवारी आम्ही चादर काढली, नवी बॅटरी बसवली आणि मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली ती किंचाळतच. शेजारच्या बाई खिडकीत आल्या. काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. कोपऱ्यावरचा मेकॅनिक चप्पल घालायलाही न थांबता धावत आला, कारण तोही ब्रेकबाईचाच विद्यार्थी. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बोटाने दाखवलं. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाला एक जाडजूड पुली असते, तिच्यावरून पट्टा फिरतो आणि त्या पट्ट्यावर बाकीचं सगळं चालतं. या पुलीची दोन कडी असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि दोघांच्या मधे रबर भरलेलं असतं. आमच्या पुलीचं रबर वाळून तडकलं होतं. त्यामुळे बाहेरचं कडं डुलत डुलत फिरत होतं आणि पट्टा बोंब मारत होता.

"क्रँकची पुली गेली, बाई," तो म्हणाला. "अशी चालवू नका. पट्टा उडाला तर भर रस्त्यात गाडी आडवी व्हायची."

"कधी करून देशील?"

"पुढच्या मंगळवारी. तीन गाड्या उघडून ठेवल्यात, तुम्हीच बघा येऊन. पुली मात्र मिळेल, आहे माझ्याकडे." मग गंमत म्हणून तो काकांकडे बघून म्हणाला, "एकच बोल्ट असतो तसा. हत्यारं देतो, काकांना म्हणावं घ्या करून."

गंमत कळणं हा काकांचा प्रांत नव्हे. ते म्हणाले, "बरं, देता का मग?"

मावशीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही?"

"एकच बोल्ट आहे म्हणतोय तो," काका म्हणाले. "मी रोजचे चाळीस स्क्रू काढत होतो."

सोमवारचा दिवस तयारीत गेला. तुम्ही आम्ही गाडी दुरुस्त करायची म्हटलं तर जुने कपडे चढवून आडवे होऊ. काकांनी शेडमध्ये पांढरी चादर अंथरली. मेकॅनिकची काळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून, उंचीप्रमाणे तिच्यावर मांडली. जे जे निघेल त्याच्यासाठी झाकणाच्या डब्या, डब्यांवर आकडे. पट्टा कुठून कुठे जातो त्याचं त्यांनी असं चित्र काढलं की मला ते चौकटीत लावावंसं वाटलं. मग पुढचं उजवं चाक काढलं, गाडी मेकॅनिकच्या लोखंडी घोड्यांवर टेकवली, पट्टा उतरवला आणि चाकाच्या खोबणीत डोकं घालून, डोळ्याला भिंग लावून, माझ्या अंगठ्याहून रुंद डोक्याच्या त्या बोल्टची तपासणी केली. मावशी शेडच्या दारात खुर्ची टाकून, काठीवर हनुवटी टेकवून बसली होती.

"दिसला का हो?" तिने विचारलं. "की अजून जवळ जाताय?"

काकांनी तिच्याकडून नखांना लावायचा लाल रंग मागून घेतला आणि बोल्टच्या डोक्यावरून थेट पुलीवर एक बारीक रेघ मारली. बोल्ट किंचितही हलला तर रेघ तुटलेली दिसावी, ही त्यांची नेहमीची रीत. तेवढं झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि आजचं काम संपलं म्हणाले. मावशी मला म्हणाली, "शुक्रवार याच वर्षीचा आहे ना गं?"

मंगळवारी खरी झटापट सुरू झाली. अशा बोल्टची अडचण अशी, की तो फिरवायला गेलं की त्याच्याबरोबर इंजिनच फिरतं. म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची आणि आत बसून कुणीतरी ब्रेक घट्ट धरायचा. त्यात इंजिन बंद असलं की ब्रेकला कसलीच मदत नसते, सगळा जोर पायाचा. मी चालकाच्या सीटवर बसून ब्रेक धरला. काकांनी पान्याच्या दांड्यावर नळाचा हातभर पाइप चढवला आणि ओढला. बोल्टने दाद दिली नाही. दहा वेळा ओढला. काकांचा सदरा पाठीला चिकटला, बोल्ट जागच्या जागी.

काका बाहेर येऊन चादरीवर बसले. चहा घेतला. कप तोंडाशी नेता नेता थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा उलट्या आट्यांचा आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मनगटी घड्याळाला चावी देतो, त्या आतल्या चाकावर एक स्क्रू असतो. जगातले सगळे स्क्रू डावीकडे फिरवले की सुटतात, हा उजवीकडे फिरवला की सुटतो. कारण चाक ज्या बाजूला फिरतं, त्या बाजूने स्क्रू आपोआप ढिला व्हायला नको. नवशिका घड्याळजी हमखास इथे फसतो, जोर करतो आणि स्क्रूचं डोकं मोडून बसतो. "हाही फिरत्या दांड्यावरच बसलाय की. मी कसा नवशिक्यासारखा वागलो," काका म्हणाले. इतकं सरळ आणि इतकं पटण्यासारखं बोलले, की मला वाटलं, बघा, शेवटी ज्ञान ते ज्ञान.

काकांनी पाना उलटा लावला. मी ब्रेक दाबला. त्यांनी पाइपवर अंगाचा सगळा भार टाकला आणि आतून ओरडले, "सरकला." लाल रेघ तुटली होती. बोटभर अंतर पडलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी पुन्हा भार टाकला, पुन्हा तिळभर सरकला. तिसऱ्यांदा मात्र जिथल्या तिथे.

मावशी दारातून हे सगळं बघत होती. मग म्हणाली, "अहो, एक विचारू? सुटणारी गोष्ट हलकी होत जाते ना?"

"हो."

"मग ही जड का होत चाललीय?"

काकांनी भिंग काढलं. खोबणीकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी आवळत होतो," ते म्हणाले. मला हसू आवरलं नाही आणि हसल्याची लगेच लाजही वाटली, कारण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. तिकडून आधी नुसतं हसणंच ऐकू आलं. मग तो म्हणाला की बोल्ट साधाच आहे, डावीकडेच सुटतो, पण आता तो दुप्पट घट्ट बसला असणार. ब्रेक धरायला वजनदार माणूस बसवा.

मी पुन्हा बसले, काकांनी यावेळी बरोबर बाजूला ओढलं. माझं वजन बेताचं. बोल्टसकट पुली, पुलीसकट इंजिन, सगळं मिळून गरकन फिरलं. पाइप सटकला आणि काकांच्या बोटांची सालटी निघाली. संध्याकाळी मावशीने त्यांच्या बोटांना पट्ट्या लावल्या. काका मान खाली घालून म्हणाले, "तुझी परीक्षा माझ्यामुळे जाणार." ती म्हणाली, "जरा हात स्थिर ठेवाल का," पण पट्टी लावून झाल्यावरही तिने त्यांचा हात सोडला नव्हता.

बुधवारी सकाळी मी चालकाच्या सीटवर बसायला गेले, तर मावशी काठी टेकत तिथे आधीच पोचलेली.

"बाजूला हो. काल जे करत होतीस त्याला ब्रेक दाबणं म्हणत नाहीत."

"अगं, तुझा पाय..." काका म्हणाले.

"शुक्रवारी पायच बघणार आहेत ना? मग आज मलाही बघू दे."

सात महिन्यांनी ती त्या सीटवर बसत होती. तिने सीट मागेपुढे केली, आरसा बघितला, गाडी उभी असून चाकही नव्हतं तरी सीटचा पट्टा लावला. मला काठी धरायला म्हणून शेजारच्या सीटवर बसवलं. काका खोबणीत शिरले. आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते, पायमोज्यांसकट.

"दाब," ते म्हणाले.

मावशीने दाबलं. तिच्या मानेची शीर तटतटली. इंजिन फिरलं.

"अजून जरासं, अगं," काका म्हणाले, अगदी हळू, जणू अजून म्हणण्याचीही त्यांना भीती वाटत होती.

दुसऱ्यांदाही तेच. मावशी समोरच्या भिंतीकडे बघत होती. दोन्ही हातांनी तिने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मी तिला सगळ्या अवस्थांत पाहिलंय, दवाखान्यात तोंड वाकडं झालेलं पाहिलंय, पण असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या पायांपुढे तिचं ते जादा पेडल होतं.

तिसऱ्यांदा काका म्हणाले, "दाब." आणि मी माझा पाय त्या पेडलवर ठेवला आणि होता नव्हता तो जोर लावला.

कडाड आवाज झाला. मला वाटलं काहीतरी मोडलं. खोबणीतून काका उलटे सरपटत बाहेर आले. कपाळाला ग्रीस लागलेलं, हातात पाना तसाच. ते हसत होते. एरवी काका हसतात ते ओठ मिटून, कुणाला त्रास नको म्हणून. आता ते खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. "सुटला," ते म्हणाले, "अगं, तू धरलंस, म्हणून सुटला." खिडकीतून हात घालून त्यांनी तो तेलाने माखलेला पंजा तिच्या गुडघ्यावर, धुतलेल्या कपड्यावर ठेवला. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिने फक्त चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मला वाटलं तिचे डोळे भरून आलेत. मी हळूच माझा पाय मागे घेतला.

पुढचं काम काकांच्या हातचं होतं. मेकॅनिकच्या ओढणीने, म्हणजे तीन नख्यांच्या त्या पकडीने, जुनी पुली त्यांनी रेषारेषाने बाहेर ओढली. दांड्याचं टोक घड्याळाच्या बारीक ब्रशने स्वच्छ केलं. पुली दांड्यावर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली लहानशी चपटी कळ चिमट्याने उचलून, पुसून जागेवर ठेवली. नवी पुली त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून आधी तिला थोडी ऊब दिली, मग बसवली. मेकॅनिककडे किती जोर लावला ते दाखवणारा पाना होता, तो आणून बोल्ट ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळला, तसूभर जास्त नाही. चित्रात पाहून पट्टा चढवला. गुरुवारी दुपारी गाडी सुरू केली तेव्हा शेजारच्या बाई पुन्हा खिडकीत आल्या, पण ऐकण्यासारखं काही नव्हतं. काकांनी बॉनेटवर कान टेकवला आणि म्हणाले, "छान चालतंय." सरावाचे दिवस त्या पुलीतच गेले होते.

मी मात्र मावशीची नजर चुकवत फिरत होते. बुधवारी संध्याकाळपासून घरात परत माणसं राहत असल्यासारखं वाटत होतं. काका शिटी वाजवत होते. मावशीच्या पायाची ताकद परत आली, हे त्यांनी माझ्या आईला फोन करून सांगितलं, मेकॅनिकला सांगितलं, शेजारच्या बाईंना सांगितलं. आणि मला दिसत होतं ते उद्याचं चित्र. मावशी रस्त्यावर गाडी चालवतेय, समोर कुणीतरी अचानक आलंय आणि शेजारच्या सीटवर मी नाही. चार वेळा मी सांगायला म्हणून तिच्याजवळ गेले. चारही वेळा पाणी हवंय का विचारून परत आले. मी भित्री आहे, हे इथे लिहून टाकते.

शुक्रवारी गाडी मीच चालवत नेली. परवान्याच्या कचेरीतला परीक्षक मावशीला बघताच खुर्चीतून उठला. आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस, पण उभा राहिला तो पहिल्या बाकावरच्यासारखा. तोही तिचाच.

"बाई, तुमची कसली परीक्षा घ्यायची," तो म्हणाला आणि सही करायला कागद ओढला.

"गाडीत बस," मावशी म्हणाली.

कचेरीच्या मागे मोठं आवार होतं. मावशी चालकाच्या जागी, परीक्षक शेजारी, मी आणि काका मागे. तिने गाडी काढली आणि क्षणभर मी सगळं विसरले. वळण, गिअर, आरसा, मागे घेणं, सगळं इतकं सहज, की गाडी तिच्याच अंगाचा भाग वाटत होती. काका पुढच्या सीटची पाठ धरून बसले होते. शेवटचा प्रकार एकदम थांबण्याचा. परीक्षक डॅशबोर्डवर थाप मारणार, ती ऐकताच गाडी थांबवायची. जमिनीवर पांढरी रेघ होती, तिच्या अलीकडे थांबलं पाहिजे.

मावशीने वेग घेतला. थाप पडली. गाडी कचकन थांबली, रेघेच्या चांगली हातभर अलीकडे.

काकांनी श्वास सोडला. परीक्षकाने मान डोलावली आणि कागदावर लिहायला पेन टेकवलं. मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुझा पाय होता," ती म्हणाली.

परीक्षकाने पेन थांबवलं. "नाही, बाई..."

"दोन्ही पाय सीटखाली घे. आपण पुन्हा करू."

"राहू द्या ना, बाई. इतकं छान चालवलंत."

"रस्त्यावर माझ्या शेजारी तू बसणार आहेस का?"

त्याने पाय मागे घेतले. मावशीने गाडी वळवून आणली, तेवढाच वेग घेतला. थाप पडली. मी तिचा उजवा पाय उचललेला पाहिला, मधे कुठेतरी अडखळलेला पाहिला. गाडी थांबली तेव्हा रेघ आमच्या मागे होती, मधे आणखी एक गाडी मावेल एवढ्या अंतरावर.

मावशीने हँडब्रेक ओढला. "बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पाय ओळखतेय मी," ती म्हणाली. बोलत होती परीक्षकाशी, पण आरशातून बघत होती माझ्याकडे. माझे कान तापले. बुधवारी माझ्या पायाखालचं पेडल दबलं, तेव्हा तिच्या पायाखालचंही आपोआप खाली गेलं असणार, हे मी, तिच्याकडे शिकलेली मी, साफ विसरले होते.

"लिही," ती त्याला म्हणाली. "नापास."

त्याने पेन खाली ठेवलं. तिने ते उचलून त्याच्या हातात दिलं.

"पण बुधवारी तर..." मागून काका म्हणाले. "इतका घट्ट बोल्ट, आणि तू..."

"बोल्ट तुम्ही काढलात," मावशी म्हणाली. "ते काम तुमचंच होतं."

काका पाणी आणायला गेले, तेव्हा आम्ही दोघी आवाराच्या कट्ट्यावर बसलो. मी विचारलं, "मावशी, तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलणार होते. तेवढ्यात ते हसत बाहेर आले." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "सात महिने माझ्यासमोर पाय न वाजवता चालताहेत ते. घरात आजारी मी आणि हरवले ते. म्हटलं, दोन दिवस हसू देत." मग ती रडली. तोंडावर हात न घेता, सरळ बसून रडली. मला तिचा परवाना गेल्याचं इतकं वाईट वाटलं आणि तिचा इतका अभिमान वाटला, की मला दोन्ही एकदम बोलता येईना. मी नुसती तिला चिकटून बसले. ती नाक पुसून म्हणाली, "आणि तू, न विचारता दुसऱ्याच्या ब्रेकवर पाय ठेवू नकोस."

काका पाणी घेऊन आले, तोवर ती उठून कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभी होती. परत आली ती एक फॉर्म घेऊन. नव्याने शिकणाऱ्याचा.

"हा कुणाचा?" काकांनी विचारलं.

"तुमचा. गाडी तुम्ही नीट केलीत, आता ती शेडमध्ये उभी ठेवायची नाही."

"या वयात?"

"पुली कोणत्या वयात बदललीत?"

माझी रजा रविवारी संपत होती. शिकाऊ परवाना हातात यायला अवकाश होता आणि रस्त्यावर त्यांच्या शेजारी परवान्याचं माणूस लागणार होतं. त्यासाठी मेकॅनिक तयार झाला. पण पहिला धडा मावशीने दुसऱ्या कुणाला देऊ दिला नाही. शनिवारी बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर मी गाडी नेऊन उभी केली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. काका पहिल्यांदाच पुढे बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढून स्टिअरिंग पुसलं. मावशी शेजारी बसली, काठी मागे माझ्याकडे दिली.

पाच वेळा गाडी बंद पडली. सहाव्यांदा हलली. काका माणसाच्या चालीने मैदानाला एक फेरी मारून आले, जीभ दातांत धरून. दुसऱ्या फेरीत जरा वेग आला. मावशीने काही न सांगता डॅशबोर्डवर थाप मारली.

गाडी अशी थांबली की माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. इंजिन बंद पडलं. धूळ आमच्या पुढे निघून गेली.

"तू दाबलास ना?" काकांनी विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"माझे दोन्ही पाय मागे आहेत. वाकून बघा."

काकांनी खरंच वाकून बघितलं.

"हा सगळा तुमचा होता," मावशी म्हणाली. काकांनी खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं. पाय अजून ब्रेकवर होता, आणि तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही.